पॉइंटांचा हिशेब

मुळशी तालुका हा डोंगरांचा आणि पाण्याचा तालुका आहे. पौड सोडून पश्चिमेस निघाले, की काही वेळाने मुळशी धरणाचा विस्तीर्ण जलाशय लागतो. त्याच्या पुढे ताम्हिणी घाट, आणि घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या कितीतरी वाटा. घनगड आणि कैलासगड हे किल्ले ह्याच तालुक्यातले. शनिवार-रविवारी ह्या वाटांवर शाळांच्या सहली, महाविद्यालयांतील मुलेमुली आणि डोंगर चढण्याची हौस असलेली नोकरदार मंडळी दिसतात. पावसाने ओला झालेला कातळ फार निसरडा असतो. त्यावर पाय ठरावा म्हणून खाचदार तळाचे बूट लागतात. पाठीवर ओझे नीट बसावे म्हणून चांगली पिशवी लागते. पावसाळी अंगरखा, पाण्याची बाटली आणि विजेरी ह्यांवाचूनही चालत नाही. ह्या वस्तू विकणारी मोठमोठी दुकाने आता पुण्यात आणि पुण्याच्या पश्चिम अंगास उघडली आहेत.

अशा दुकानात तुम्ही बूट पसंत केले आणि पैसे देण्यासाठी गल्ल्यापाशी गेलात, तर तेथील माणूस बहुधा विचारतो, "मोबाइल नंबर सांगा, पॉइंट जमा करायचे आहेत." नंबर सांगताच पावतीच्या तळाशी एक आकडा छापून येतो. हा आकडा कोठून आला? त्याचे खरे मोल किती? तो खर्च केव्हा आणि कसा करावा? ह्या प्रश्नांचा विचार आपण ह्या पाठात करू.

इंग्रजीत ह्यांना 'लॉयल्टी पॉइंट' म्हणतात. लॉयल्टी म्हणजे निष्ठा. १९२१ साली आपल्या जमिनी धरणाच्या पाण्याखाली जाणार, म्हणून मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी होते, आणि ह्याच लढ्यामुळे लोक त्यांना सेनापती बापट म्हणू लागले. कारावास सोसूनही घेतलेल्या शब्दाला जागणे, हा ह्या खोऱ्यात निष्ठेचा अर्थ आहे. एकाच दुकानातून दोनदा बूट घेणाऱ्यासही तोच शब्द लावावा, हे मला थोडे अवजड वाटते. म्हणून आपण नुसते 'पॉइंट' म्हणू.

गिऱ्हाइकाला वर काहीतरी देण्याची चाल मुळीच नवी नाही. बाजारात भाजी घेतल्यावर भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या आणि दोन मिरच्या पिशवीत टाकते. तुम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा तिच्याकडेच यावे, हा तिचा हेतू असतोच. पण कोथिंबीर तुम्हांला लगेच मिळते. ती त्याच दिवशी आमटीत पडते. पॉइंटांचे तसे नाही. पॉइंट हा दुकानाने दिलेला एक वायदा आहे. "पुढच्या खेपेस आमच्याकडेच याल, तर किमतीतून इतके पैसे वजा करू," असा तो वायदा. पुढची खेप झालीच नाही, तर वायद्यातून काहीच निष्पन्न होत नाही.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. प्रत्येक दुकानाचे दर निराळे असतात आणि ते बदलतही असतात. म्हणून येथे सोपे आकडे मानून चालू. समजा, दर २० रुपयांच्या खरेदीस १ पॉइंट मिळतो, आणि १ पॉइंटाचे मोल ५० पैसे आहे. २,००० रुपयांचे सामान घेतले तर १०० पॉइंट मिळतील. परीक्षेत शंभर गुण मिळाले तर घरात पेढे वाटतात! परंतु हे १०० पॉइंट म्हणजे ५० रुपये. २,००० रुपयांवर ५० रुपये, म्हणजे शेकडा अडीच. 'शेकडा अडीच सूट' अशी पाटी दारावर लावली असती, तर तिच्याकडे फारसे कोणी पाहिलेही नसते. 'शंभर पॉइंट' म्हटले की मात्र काहीतरी घबाड हाती आल्यासारखे वाटते. आकडा मोठा दिसावा, हेही पॉइंट रुपयांत न मोजण्याचे एक कारण आहे.

तेव्हा पॉइंट दिसले, की प्रथम त्यांचे रुपये करावेत आणि ते रुपये खरेदीच्या शेकडा किती पडतात ते काढावे. हे गणित तुम्हांला शाळेत शिकविलेलेच आहे. त्याचा उपयोग कसा होतो पाहा. एका दुकानात बुटांची किंमत १,६०० रुपये आहे आणि वर पॉइंट मिळतात. दुसऱ्या साध्या दुकानात तेच बूट १,५०० रुपयांना आहेत, पण पॉइंट नाहीत. पहिल्या दुकानात ८० पॉइंट, म्हणजे ४० रुपये मिळतील. ते वजा केले तरी बूट १,५६० रुपयांना पडले. दुसऱ्या दुकानापेक्षा ६० रुपयांनी महागच. शिवाय ते ४० रुपये हातात आलेले नाहीत. ते मिळण्यासाठी पुन्हा त्याच दुकानात जाऊन आणखी काही घ्यावे लागणार.

मग दुकानदार हे पॉइंट देतोच कशाला? नवे गिऱ्हाईक मिळविणे खर्चाचे काम असते. त्यासाठी जाहिराती कराव्या लागतात, किमती उतरवाव्या लागतात. आलेले गिऱ्हाईक टिकविणे त्या मानाने स्वस्त पडते. पॉइंट जमलेल्या माणसाला दुसऱ्या दुकानात जाताना आपले काहीतरी मागे राहिले अशी हुरहूर वाटते, आणि तो परत येतो. दुसरे कारण माहितीचे. कोणत्या घरात कोणत्या मापाचे बूट लागतात, कोण जूनमध्ये पावसाळी अंगरखा घेतो आणि कोण डिसेंबरात तंबू घेतो, हे सारे त्या एका मोबाइल नंबराखाली नोंदले जाते. त्यावरून कोणता माल केव्हा मागवावा आणि कोणाला कोणता संदेश पाठवावा, हे दुकानाला ठरविता येते. आणखीही एक कारण आहे, पण त्याची वाच्यता सहसा कोणी करीत नाही. पुष्कळ लोक पॉइंट जमवितात आणि विसरून जातात. मुदत संपली की ते पॉइंट रद्द होतात. मोठ्या कंपन्यांना खर्च न झालेले पॉइंट जमाखर्चात 'देणे' म्हणून दाखवावे लागतात. मुदत टळली, की ते देणे फिटल्यासारखेच होते, आणि तेही एक पैसा न देता.

जवळ आलेले ध्येय माणसाला कसे ओढते, ह्याचा एक मजेदार प्रयोग अमेरिकेत झाला. जोसेफ नुनेस आणि झेव्हियर द्रेझ ह्या दोन संशोधकांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. मोटारी धुऊन देणाऱ्या एका ठिकाणी ३०० गिऱ्हाइकांना कार्डे वाटण्यात आली. प्रत्येक वेळी मोटार धुतली, की कार्डावर एक शिक्का. सगळी घरे भरली, की एकदा मोटार फुकट धुऊन मिळणार. निम्म्या कार्डांवर आठ घरे होती आणि ती सर्व रिकामी होती. उरलेल्या कार्डांवर दहा घरे होती. पण त्यांतील दोहोंवर आधीच शिक्के मारून दिले होते. म्हणजे दोन्ही प्रकारांत भरावयाची घरे आठच! तरीही पहिल्या प्रकारची कार्डे शंभरात १९ जणांनी पुरी केली आणि दुसऱ्या प्रकारची शंभरात ३४ जणांनी. आपण रस्त्याला लागलोच आहोत, असे वाटले की पाय आपोआप पुढे पडतात. नाव नोंदवताच काही दुकाने थोडे पॉइंट आपण होऊन देतात, त्याच्या मुळाशी हेच मर्म आहे.

आता पौडच्या शाळेतील सातवीतील एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. शाळेची सहल घनगडावर जाणार आहे. तिने १,६०० रुपयांचे बूट आणि ९०० रुपयांची पाठीवरची पिशवी घेतली. एकूण २,५०० रुपये. आपल्या मघाच्या दराने तिला १२५ पॉइंट मिळाले. दुकानाचा नियम असा, की २०० पॉइंट झाल्यावाचून ते वापरता येत नाहीत, आणि वर्ष उलटले की ते रद्द होतात. काही दिवसांनी आईच्या मोबाइलवर संदेश येतो : 'आणखी फक्त ७५ पॉइंट मिळवा आणि १०० रुपये वाचवा!'

मुलीला दुकानात पाहिलेली घडीची खुर्ची आठवते. किंमत बरोबर १,५०० रुपये. तेवढ्याचे ७५ पॉइंट होतात, हे तिने मनात ताडलेले आहे. हिशेब अगदी बिनचूक आहे. पण १०० रुपये वाचविण्यासाठी १,५०० रुपये जाणार आहेत. त्यातून खुर्ची घनगडावर कोण वाहून नेणार? बसायला सह्याद्रीत कातळांना काय तोटा आहे? खुर्ची घेतली नाही आणि पॉइंट बुडाले, तर तिचे फार तर साडेबासष्ट रुपयांचे नुकसान. खुर्ची घेतली, तर शंभर रुपये वजा जाऊनही चौदाशे रुपये नसत्या वस्तूत अडकले.

तिची आई विचारी आहे. ती म्हणते, "खुर्ची राहू दे. आपल्याला वर्षभरात काय काय लागणारच आहे, त्याची यादी कर." जूनमध्ये धाकट्या भावाला पावसाळी अंगरखा लागणार, ७०० रुपये. मामा सायकलवरून कामाला जातो. त्याला पाण्याची चांगली बाटली हवी आहे, ३५० रुपये. भावाचा फुटबॉल फाटला आहे, नवा ४५० रुपयांना. बेरीज १,५०० रुपये. ह्या वस्तू कोठून तरी घ्यायच्याच होत्या. इतर दुकानांतील किमती विचारून पाहिल्या; त्या सारख्याच निघाल्या. तेव्हा सर्व खरेदी त्याच दुकानात, पण एकट्या आईच्या नावावर केली. प्रत्येकाने आपापला नंबर दिला असता, तर अंगरख्याचे ३५ पॉइंट एका खात्यात, बाटलीचे १७ दुसऱ्या खात्यात, अशी वाटणी होऊन कोणाचेच २०० भरले नसते. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे, पण थेंब एकाच भांड्यात पडले तर.

वर्ष पुरे होण्याच्या आत २०० पॉइंट झाले. मग चालण्यासाठी लागणाऱ्या जाड मोज्यांचे २४० रुपयांचे जोड घेऊन त्यांतील १०० रुपये पॉइंटांनी आणि १४० रुपये रोख दिले. पॉइंटांनी भरलेल्या रकमेवर बहुधा पुन्हा पॉइंट मिळत नाहीत. म्हणून नवे पॉइंट १४० रुपयांचे, म्हणजे ७. ह्या कुटुंबाने ४,००० रुपयांच्या खरेदीवर १०० रुपये मिळविले. शेकडा अडीच म्हणजे एवढेच. पण ते पदरात तरी पडले.

एका गोष्टीविषयी मात्र मला थोडे कठोरपणे बोलावयाचे आहे. काही दिवशी काही वस्तूंवर 'दुप्पट पॉइंट' अशी घोषणा असते. समजा, ज्या बुटांवर दुप्पट पॉइंट आहेत ते तुमच्या पायाला किंचित घट्ट होतात, आणि शेजारचे नेमके बसतात. आपल्या दराने १,६०० रुपयांवर दुप्पट पॉइंट म्हणजे ८० रुपये. नेहमीपेक्षा ४० रुपये जास्त. डोंगर उतरताना प्रत्येक पावलागणिक बोटे बुटाच्या टोकावर आपटतात. घट्ट बुटात ती सुजतात, नखे काळी पडतात, पाय वाकडा पडू लागतो. आणि ओल्या कातळावर वाकडे पडलेले पाऊल महागात जाते. बूट घेताना जाड मोजे घालून पाहावेत, दुकानात चार फेऱ्या माराव्यात, टाच मागे सरकत नाही आणि बोटे पुढे टेकत नाहीत ह्याची खात्री करावी. हे सर्व होईपर्यंत पॉइंटांचे नावही काढू नये.

आणखी काही लहानसहान नियम बहुतेक ठिकाणी असतात. घेतलेली वस्तू परत केली, की तिचे पॉइंट खात्यातून काढून घेतले जातात. आधीच किंमत उतरविलेल्या मालावर पुष्कळदा पॉइंट नसतात. वस्तू बदलून घेण्यास पावती लागते, म्हणून ती जपून ठेवावी. नंबर देणे ही सक्ती नव्हे. नंबर दिल्यावाचून माल विकणार नाही असा हट्ट दुकानदारांनी धरू नये, असे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ साली कळविले आहे. त्याच साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, अशी तरतूद आहे. तेव्हा गल्ल्यावर विचारले, तर तुम्ही आपला नंबर न सांगता "आईला विचारा," असे खुशाल म्हणावे. जमा झालेले पॉइंट दुकानाने अन्यायाने नाकारले, तर मोठ्या माणसांकरवी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते.

पॉइंटांचे दर, मुदत आणि नियम हे सर्व दुकानच ठरविते, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. आज एका पॉइंटाचे पन्नास पैसे आहेत. उद्या ते चाळीस करण्याची मुभा दुकान नियमांत बहुधा राखून ठेवते. पण खरेदीच्या प्रमाणात गिऱ्हाइकाला काही परत देण्याची आणखी एक जुनी रीत आहे, आणि तिच्यात नियम ठरविणारे स्वतः गिऱ्हाईकच असतात.

इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाचे गाव आहे. तेथील विणकर व इतर कामकरी ह्यांना दुकानदार भेसळीचा माल चढ्या भावाने विकीत. १८४४ साली त्यांच्यापैकी २८ जणांनी एकेक पौंड वर्गणी काढून स्वतःचे दुकान उघडले. २१ डिसेंबरच्या संध्याकाळी दार उघडले, तेव्हा आत थोडे पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. शुद्ध माल, पुरे माप आणि रोख व्यवहार हे त्यांचे ब्रीद होते. ठरावीक काळाने हिशेब करून जो नफा उरे तो, ज्याने जितकी खरेदी केली असेल त्या प्रमाणात, सभासदांना वाटला जाई. पुढे अशी दुकाने पुष्कळ निघाली. खरेदीची खूण म्हणून त्यांतील अनेक दुकाने धातूचे बिल्ले देत. आजच्या पॉइंटांचे ते आजोबाच म्हणावेत. हीच सहकाराची कल्पना आपल्याकडेही रुजली. मद्रासमध्ये १९०४ साली ट्रिप्लिकेन भागात ग्राहकांचे सहकारी भांडार निघाले, आणि मुंबईत नायगाव येथे १९४८ साली कामगारांच्या वस्तीत 'अपना बाजार' सुरू झाला.

डोंगर चढणाऱ्यांनीही हीच वाट धरली. अमेरिकेतील सिअॅटल येथे लॉइड अँडरसन आणि त्यांची पत्नी मेरी हे गिर्यारोहक दांपत्य राहत असे. बर्फावर चढण्यासाठी लागणारी चांगली कुऱ्हाड त्यांना गावात रास्त भावाने मिळेना. त्यांनी ती ऑस्ट्रियाहून टपालाने मागविली. किंमत टपालखर्चासह साडेतीन डॉलर. मित्रांनाही तशा कुऱ्हाडी हव्या झाल्या, आणि १९३८ साली त्या मंडळींनी मिळून एक सहकारी संस्था काढली. तीच पुढे 'आर. ई. आय.' ह्या नावाने प्रसिद्ध झाली. तिचा पहिला पूर्णवेळ नोकर जिम व्हिटेकर हा १९६३ साली एव्हरेस्टचे शिखर गाठणारा पहिला अमेरिकन ठरला. ही संस्था आजही चालू आहे. पुऱ्या किमतीला घेतलेल्या मालावर सभासदांना वर्षाकाठी साधारणतः शेकडा दहा परत मिळतात. पण ते मुख्यतः तिच्याच दुकानांत खर्च करण्यासाठी असतात.

सहकारी म्हटले की सारे आपोआप सुरळीत चालते, अशी मात्र कोणी समजूत करून घेऊ नये. कॅनडात व्हँकुव्हर येथे १९७१ साली अशीच एक गिर्यारोहकांची संस्था निघाली. पाच डॉलरांचा भाग घेतला की कोणीही तिचा सभासद होई, आणि सभासदांची संख्या पन्नास लाखांच्या वर गेली. पुढे संस्था कर्जात सापडली. २०२० साली तिच्या संचालकांनी ती एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीला विकली. त्या विक्रीसाठी सभासदांचे मत घेतले गेले नाही. आपण मालक आहोत असे समजणारी लाखो माणसे एका वर्षात पुन्हा नुसती गिऱ्हाइके झाली.

महाराष्ट्रातील अनेक शाळांतही पूर्वी विद्यार्थ्यांचे सहकारी भांडार चालत असे. मधल्या सुट्टीत एका खोलीची खिडकी उघडे, आणि आतील विद्यार्थी वह्या, पेन्सिली, शाईच्या बाटल्या विकत. समजा, वर्षाअखेर अशा भांडाराला ६०० रुपये नफा राहिला आणि एकूण विक्री १२,००० रुपयांची झाली, तर परतावा शेकडा पाच. ज्याने वर्षभरात ८० रुपयांच्या वह्या घेतल्या त्याला ४ रुपये, आणि ज्याने २०० रुपयांच्या घेतल्या त्याला १० रुपये. हा दर कसा निघाला, हे वही उघडून पाहण्याचा हक्क चार रुपये मिळणाऱ्यालाही दहा रुपये मिळणाऱ्याइतकाच होता.